चिंधी बांधलेलं वांगं

पितांबरने आधी वांगं तोडलं आणि मग देठाची चिंधी सोडली. उलटं केलं असतं तर कदाचित हात थांबला असता.

चिंधी त्याच्या बायकोच्या, कुंदाबाईच्या, जुन्या लुगड्याची होती. ज्या वांग्याला चिंधी, ते बियाण्याचं. त्याला घरात कोणी हात लावायचा नाही, मग पाहुणा उपाशी गेला तरी चालेल. ते झाडावरच पिवळं पडायचं आणि त्याच्या बियांवर पुढचा हिवाळा निघायचा. मळ्यात आता सगळी केळी. गोठ्यामागे घरच्या वांग्याचं हे एकच झाड उरलं होतं, आणि त्याला धड वांगं हे एकच.

पण माणूस तरी काय करणार! दवाखान्यातून घरी आणल्यापासून बायको घासाला तोंड लावीना. एकच धोशा, भरीत करा. मुलगा हितेंद्र बाजारातून टोपलंभर वांगी घेऊन आला, हिरवीगार, चकचकीत. पितांबरने भाजली. कुंदाबाईने बोटभर चाटलं आणि ताट सरकवलं.

"पानी हाये हे नुसतं. खतावर फुगवलेलं. अवो, वांग्याले जराशी तहान लागू द्या लागते, गायीचं शेणखत लागते, तवा कुठी गोडी उतरते."

तेव्हापासून पितांबर रोज गोठ्यामागे जाऊन उभा राहायचा. चिंधीकडे बघायचा आणि परत यायचा. आज मात्र रिकाम्या हाताने आला नाही.

अंगणात त्याने कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या. वांग्याची साल तडकली आणि असा काही वास सुटला, की खाटेवरची कुंदाबाई आपली आपण उठून बसली. बडगीत, भरताच्या त्या खोलगट लाकडी भांड्यात, मिरची-लसूण घालून त्याने वांगं ठेचलं. चव काही बिघडू दिली नाही गड्याने.

पहिल्या घासाला तिने डोळे मिटले.

"हे आपलं," ती म्हणाली.

ज्वारी-उडदाच्या कळण्याची अख्खी भाकरी खाल्ली. मग ताट बोटाने पुसून घेतलं. तिला असं जेवताना बघायला पितांबरचा जीव किती तरसला होता! डोळ्यांत पाणी आलं, तर दोष द्यायला धूर होताच. ते पुसायला त्याने खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर चिंधी बाहेर आली.

कुंदाबाईने ती लगेच ओळखली.

"बियाचं भाजलं?"

त्याने चिंधी मुठीत धरली.

"अवो, बी भाजलं तुम्ही? म्हन्जे पुढच्या हिवाळ्याले मी नई, असं धरूनच चालले का?"

"तसं नई व..."

पितांबर म्हणाला. पण तसंच होतं. डॉक्टर जे बोलले ते त्याने घरात कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. वांगं तोडताना हाताने तेवढं कबूल करून टाकलं होतं.

कुंदाबाईने रिकामं ताट बाजूला सारलं.

"मले अजून खायचं हाये हो," ती म्हणाली. "झाडावर काही हाये का दुसरं?"

"एक फूल हाये. धरते की गळते, कोन जाने."

तिने चिंधी त्याच्या हातातून घेतली, मांडीवर ताणून सरळ केली आणि परत दिली.

"जा, बांधून या."

पितांबर गोठ्यामागे गेला. जांभळं फूल मान खाली घालून लोंबत होतं. त्याने चिंधी बांधली, पण सैल. फळ वाढलं तर देठाला आवळायला नको.