दहा लिटरचा गीझर

"विजेची बचत हेच खरं अध्यात्म," असं अप्पा फणसळकर सांगत, आणि मग टॉवेलसाठी बायकोला हाक मारत. सोलर, गॅस, पंचवीस लिटर, सगळ्यांचा खर्च ताडून त्यांनी दहा लिटरचा गीझर घेतला होता. स्वतःची आंघोळ झाली की ते बटण बंद करत. मागून कुमुदताई जात. कमी आलेलं बिल अप्पा सोसायटीभर दाखवत.

कुमुदताई गेल्या. तेराव्याच्या सकाळी मुलगी अप्पांच्या मागून आंघोळीला गेली आणि तशीच बाहेर आली.

"अप्पा, पाणी गार आहे."

"दोघांना पुरतं गं. तुझी आई कधी बोलली नाही."

"मला बोलायची, फोनवर. 'यांच्या हिशेबात माझी बादली धरलेलीच नाही,' म्हणायची आणि हसायची."

अप्पांनी बटण लावलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "सातच मिनिटं लागतात."