पाऊण किलो शिसं

"आणखी एकच चमचा. बघ, एवढासा."

बायकोनं मान फिरवली. शिंप्यानं चमचा हवेत तसाच धरून ठेवला, मग हळूच खाली घेतला. वाटीत कुस्करलेला बटाटा होता, त्यात लोणी, दुधाची पावडर आणि उकडलेलं अंडं. भूक नसली तर वाटी लहान ठेवा, पण वाटीत दम असू द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून दर दोन तासांनी हा कात्री खाली ठेवायचा आणि वाटी घेऊन तिच्यासमोर बसायचा. तिचे ओठ हलले की याचेही हलायचे. औषधांनी तिच्या तोंडाला लोखंडाची चव आली होती. दोन चमचे कसेबसे जायचे, की तिचे डोळे भरून यायचे. याचेही.

"ठेवा तिथं. खाईन मग," ती म्हणाली. रोज हेच म्हणायची.

मग हा पडद्यापलीकडे जाऊन मशीनवर बसायचा. घर म्हणजे एकच खोली. अलीकडे तिचा पलंग, पलीकडे याचं दुकान, मधे जाड पडदा. तासाभरानं येऊन बघावं, तर वाटी चाटूनपुसून लख्ख.

"मांजरीनं खाल्लं," ती सांगायची.

मेली मांजर! लोणी, अंडी, दाण्याचं कूट घातलेली केळी, सगळं तिच्या घशात. आणि एवढं खाऊन पुन्हा रोडकी ती रोडकीच. शिंपी तिला शिव्या घालायचा आणि पुढची वाटी करायला घ्यायचा.

आज वजन होतं. मागच्या आठवड्यात काटा एकोणचाळीस किलो चारशेवर थांबला होता. पुढच्या वेळी चाळीस भरले नाहीत तर डोस देता येणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले होते. आणि डोस चुकला तर काय, हे विचारायची याची छाती झाली नव्हती.

"गाडी बघतो," म्हणत तो घाईनं बाहेर पडला. जाताना पडद्याला खांदा लागला. पडदा जेमतेम हलला आणि जागच्या जागी राहिला. शिंप्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

दवाखान्यात ती काट्यावर चढली. अंगात तिचा तो लांब झगा होता. शिंप्यानं डोळे मिटून घेतले.

"वा, मावशी!" नर्स म्हणाली. "चाळीस किलो शंभर. जिंकलात की!"

शिंप्यानं डोळे उघडले. हसू आलं, पण चोराचं. काल दुपारी बायको झोपली असताना त्यानं घरातल्या पडद्याची खालची दुमड उसवली होती. पडदा जड राहावा म्हणून तिच्यात शिशाच्या चकत्या घातलेल्या होत्या, चांगल्या पाऊण किलो. त्या सगळ्या त्यानं या झग्याच्या घेरात शिवून टाकल्या होत्या. तीस वर्षांत गिऱ्हाईकाचं वीतभर कापड चोरलं नव्हतं त्यानं. पण आज इलाज नव्हता.

नर्सनं आकडा लिहिला आणि आत हाक दिली, "चाळीसच्या हिशेबानं डोस भरा हो!"

"हिशेबानं म्हणजे?" शिंप्यानं विचारलं.

"म्हणजे जेवढं वजन, तेवढं औषध, काका. विषच आहे ते. जास्त गेलं तर मावशींना झेपायचं नाही."

शिंप्यानं आतल्या दाराकडे बघितलं. बोलावं तर डोस जाणार, गप्प बसावं तर विष जाणार. दोन्हीकडून बायकोच जाणार. आतून बाटल्यांचा आवाज आला आणि त्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"थांबा! खोटं आहे ते वजन. झग्यात शिसं शिवलंय मी!"

तो तिच्या पायाशी बसला. खिशातल्या छोट्या कात्रीनं त्यानं घेर कराकरा उसवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आत काहीच नव्हतं. नुसतं कापड. आणि हातात आलेला दोरा त्याच्या टाक्यांचा नव्हताच. बारीक, सारखे, हातानं घातलेले टाके होते ते. आजारी पडेपर्यंत दुकानातली सगळी तुरपाई जी बाई करायची, तिचे.

"काल तुम्ही बटणं आणायला गेलात तेव्हा काढलं," ती म्हणाली. "जन्मभर घेर शिवले मी. जड झालेला कळणार नाही होय मला?"

"मग हे चाळीस कोणाचे?"

"माझे."

"अगं, पण वाट्या तर मांजर..."

"मांजरीच्या बरगड्या बघा एकदा. मोजता येतील." ती काट्यावरून उतरून खुर्चीत बसली. तेवढ्यानंही तिला धाप लागली. "सुरुवातीला एकदा खरं सांगितलं होतं, मी खाल्लं म्हणून. आठवतंय? दुसऱ्या दिवशी मशीन बंद ठेवून दिवसभर समोर बसलात, घास मोजत. पाणीसुद्धा उतरेना मला."

शिंपी खालीच बसून होता. उसवलेला घेर त्याच्या मुठीत होता.

"आणि शिसं?" त्यानं विचारलं.

"कालच परत पडद्याला लावलं, घरी गेलात की बघा. त्याशिवाय तो बंद राहत नाही हो." तिनं त्याच्या मुठीतून झगा सोडवून घेतला. "तुमचा चेहरा दिसला की वाटतं, मी मेलेच. पडदा बंद असला, पलीकडे मशीन चालू असलं, की वाटतं, आपलं रोजचंच चाललंय. मग जातो घास."