कारण द्या

कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना वकिलीची मर्यादित सनद मिळाली होती. कॉलेजच्या मोफत मदत केंद्रात येणाऱ्यांचेच खटले त्यांनी चालवायचे. आज पहिलाच खटला होता, जबरी चोरीचा.

"वकील घडवणारे तुम्ही. मग मला कसली भीती?" पिठाच्या गिरणीत राबणारा पक्षकार खोकल्याची उबळ आवरत म्हणाला.

प्राध्यापकांनी मान डोलावली. मग त्याच्याकडे न बघता त्यांनी टिपणं तिसऱ्यांदा चाळली.

उलटतपासणी त्यांनी जन्मभर शिकवली होती. सोयीचं उत्तर मिळालं की गप बसायचं, हा त्यांचा पहिला धडा.

"चोराचा चेहरा पाहिलात?" त्यांनी साक्षीदाराला विचारलं.

"नाही. तोंडाला फडकं बांधलं होतं."

मदतीला आलेल्या विद्यार्थिनीने सुटकेचा श्वास सोडला. "सर, बसा आता," ती पुटपुटली.

सर बसायला वाकलेही. पण वर्गात त्यांनी कधी कुणाचं अर्धं उत्तर चालवून घेतलं नव्हतं. घाबरलेली जीभ सवयीच्या वाटेने गेली.

"मग तो हाच, हे कशावरून? कारण द्या."

"खोकल्यावरून, साहेब. पळताना शिट्टी वाजावी तसा खोकत होता."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. प्राध्यापकांना मागे वळून पाहायचा धीर होईना. मागे आरोपीच्या पिंजऱ्यात पक्षकार दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून उभा होता, आणि त्याचे खांदे हलू लागले होते.