शंभर टक्के निकाल

मुख्याध्यापक ऑर्विल यांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. अमेरिकेतल्या एका काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, एकुलत्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात दहाच मुलं होती. त्यातला कोल्टन शाळा सोडून धान्याच्या कोठारावर कामाला लागला. शाळा सोडलेलं मूल सरकार नापास धरी; एकही मूल गळालं, तर निकाल घसरून शाळा बंद होणार होती. ऑर्विल थेट कोठारावर गेले.

“लेका, तू आला नाहीस तर शाळेला कुलूप लागेल.”

“सर, वर्गात कधी एवढा भाव दिला नाहीत!” कोल्टन हसला. “एवढा मका उपसतो आणि सोमवारी येतो.”

जूनमध्ये निकाल लागला. शंभर टक्के! शाळा वाचली, गावाने फटाके उडवले. ऑर्विल घरातून बाहेर आले नाहीत. मेलेलं मूल सरकार मोजणीत धरत नाही. कोल्टन त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, एप्रिलच्या पहिल्या रविवारी, मक्याखाली गाडला जाऊन वारला होता.