बिनआवाजाचा कॉम्प्युटर

एरॉलने कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू आवळला आणि बायकोला फ्रिज बंद करायला सांगितलं. डोक्यावरचा पंखा त्याने आधीच बंद केला होता. एप्रिलमधली रविवारची दुपार, तळमजल्याचा फ्लॅट, खिडक्यासुद्धा लावलेल्या. व्हिव्हियनने फ्रिजचं बटण बंद केलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

खुर्चीत एरॉलचे वडील बसले होते, रॉबर्टपप्पा. सकाळी चर्चमध्ये मिस्सेला घातलेला पांढरा शर्ट अजून अंगावर होता. आज परीक्षा कॉम्प्युटरची कमी आणि आपली जास्त आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

झालं होतं असं, की गेले दोन महिने पप्पांना रहाट ऐकू येत होता. आगाशीतली त्यांची वाडी, वाडीतलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, त्या बावखलातून पाणी उपसणारा रेड्याचा रहाट. रहाट तर पंप आला तेव्हाच मोडीत गेला. बावखलही बिल्डरने मातीने भरून टाकलं, त्याला सहा वर्षं झाली. त्याच्यावरच ही बिल्डिंग उभी राहिली आणि जमिनीच्या बदल्यात यांना हा फ्लॅट मिळाला. तरी पप्पा भर दुपारी शेजाऱ्यांची बेल वाजवून सांगायचे, रहाट थांबवा, रेडा दमलाय. परवा तर पार्किंगमध्ये जमिनीला कान लावून पालथे पडलेले सापडले. गाडी मागे घेणाऱ्याने वेळेवर पाहिलं म्हणून बरं. व्हिव्हियनने मग सिस्टरांच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म आणला. तिला उगाच वाईट म्हणू नका. दिवसभर त्यांच्यासोबत घरात तीच असायची आणि जीव मुठीत धरून बसायचीही तीच.

एरॉल मात्र हट्टाला पेटला. तो घरी बसून परदेशातल्या कंपन्यांची प्रोग्रामिंगची कामं करायचा, आणि काम झालं की गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळायचा. त्याचा जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. पप्पांना ऐकू येतं ते हेच, तो म्हणाला. नवा बनवतो, बिनआवाजाचा. त्यानंतर ऐकू आलं नाही तर फॉर्म फाडायचा, आलं तर सोमवारी भरायचा. व्हिव्हियन बरं म्हणाली. पप्पांना कोणी विचारलं नाही.

मग महिनाभर तो एकेक पार्ट निवडत बसला. प्रोसेसर मुद्दाम कमी तापणारा घेतला, त्याच्यावर उष्णता ओढून घेणारा, कोबीच्या गड्ड्याएवढा हीटसिंक बसवला. ग्राफिक्स कार्ड बिनपंख्याचं. पॉवर सप्लाय असा, की त्याचा पंखा मोठा आणि आळशी. हार्ड डिस्क तर त्याने सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगली, म्हणजे तिची थरथर पत्र्यात उतरायला नको. रॅम मित्राकडे दिवसभर तपासून मगच घरी आणली, कारण गप्प बसणारं पण सारखं हँग होणारं मशीन काय चुलीत घालायचंय? बापासाठी कोणी औषधं आणतं, याने पॉवर सप्लाय आणला.

एरॉलने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, स्क्रीनवर अक्षरं धावली आणि आवाज म्हणून काही नाही. व्हिव्हियनने पुढे होऊन कॅबिनेटला कान लावला. तिलासुद्धा नवऱ्याचं कौतुक वाटलं.

"पप्पा, आता ऐका," एरॉल म्हणाला. "येतं का काही?"

पप्पांनी डोळे मिटले. कपाळावरून घाम ओघळला तो त्यांनी पुसला नाही. मग डोळे उघडून त्यांनी मुलाकडे न बघता सुनेकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "थांबला. कॉम्प्युटरच होता तो."

व्हिव्हियनने तिथल्या तिथे फॉर्मचे चार तुकडे केले. तिला रडू आलं, ते लपवायला ती चहा ठेवायला आत गेली. एरॉलला तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. मशीनला जरा घाम फुटू दे म्हणून त्याने एक भलंमोठं काम चालू करून दिलं आणि पाय पसरून बसला. मशीन मुकाट काम करत होतं.

तेव्हा त्याला ते ऐकू आलं. खालून. करकर, जरा थांबून पुन्हा करकर, आणि दर वेळी मडकं रितं झाल्याचा पाण्याचा आवाज. त्याने कॅबिनेटवर हात ठेवला. पत्रा स्थिर होता. बिल्डिंगचा पंप या वेळी चालत नसे. त्याने कॉम्प्युटर सरळ बंद केला. करकर चालूच राहिली. मग तो गुडघ्यांवर बसला आणि फरशीला तळवा टेकला. फरशी अगदी बारीक हलत होती. लहानपणी या आवाजावर तो दुपारी झोपायचा, त्याची ओळख चुकणं शक्यच नव्हतं.

त्याने मान वर केली तर पप्पा त्याच्याकडेच बघत होते. एक नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे टाकून ते खाली वाकले.

"नुसता रहाटच ना?" त्यांनी हळूच विचारलं. "नाव घेऊन कोणी हाक नाही ना मारली?"

एरॉलने नाही म्हणून मान हलवली.

पप्पांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मग तुला अजून वेळ आहे."