एक घास हत्तीचा

जन्मात कधी भोपळ्याला न शिवलेला बाबा चार वर्षांच्या लेकीला भोपळा भरवत होता. चमच्याचं विमान करून खुर्चीभोवती घरघरत फिरला, पण तिने तोंड काही उघडलं नाही.

“आधी तू खाऊन दाखव.”

डोळे मिटून त्याने घास गिळला, वर मिटक्याही मारल्या.

“आता हत्तीचा. आता अस्वलाचा.”

हत्ती-अस्वल खेळण्यातले, त्यामुळे त्यांचेही घास त्याच्याच पोटात गेले. आई कामावरून आलेली दिसताच तो ओशाळून रिकामी वाटी विसळायला पळाला. नळ बंद केला, तर मागून लेकीची कुजबुज ऐकू आली.

“आई, आज अख्खी वाटी संपवली त्याने. रडला पण नाही.”

“गुणाचं पोर,” आई म्हणाली. “उद्या कारलं देऊन बघू.”