एकीपुरती जागा

“थांबू नका,” असं लेक म्हणेल, अशी त्याला आशा होती.

टेम्पोच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक मोटार बॉनेट उघडून उभी होती. एक बाई दोन्ही हात हलवत होती. मागच्या सीटवर गुडघे दुमडून आडवी पडलेली मुलगी त्याने उंच केबिनमधून लगेच ओळखली. क्लासच्या फलकावर दोन वर्षं तिचं नाव त्याच्या लेकीच्या वर होतं. सैनिकी अकादमीच्या लेखी परीक्षेतही ती दोनच मार्कांनी पुढे राहिली होती. घरात तिला सगळे ‘दोन मार्कवाली’ म्हणत.

मुलींची एकच जागा उरली होती आणि आज उंची मोजायची होती. दोन मार्कवालीची भरली तर जागा तिची. तिची नाही भरली आणि लेकीची भरली, तर लेकीची.

लेकीची उंची उठल्या उठल्या जेमतेम भरायची आणि नाश्त्यापर्यंत कमी पडायची. “मणक्यांमधल्या चकत्या फोमसारख्या असतात, बाबा,” तिने समजावलं होतं. “आडवं राहिलं की फुगतात. बसलं, उभं राहिलं की दबतात.” म्हणून सकाळी त्याने आणि शेजाऱ्याने तिला गादीसकट उचलून टेम्पोत ठेवलं होतं. मागे पोचवायची कपाटं होती. त्यांच्या दोन रांगांमध्ये एका माणसाने आडवं व्हावं एवढीच पट्टी मोकळी होती.

“वर ‘जपून हाताळा’ लिहू का?” त्याने विचारलं होतं.

“‘उभं ठेवू नये’ लिहा.”

आता केबिनच्या मागच्या छोट्या खिडकीतून तिचा आवाज आला. “बाबा, वेग का कमी केला?”

खोटं बोलावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. “दोन मार्कवाली आहे. गाडी बंद पडलीय त्यांची.” मग तो हळूच म्हणाला, “माझं लक्षच नव्हतं, असं म्हणता येईल.”

मागे ती कुशीवर वळल्याचा आवाज झाला.

“मला तिला हरवायचंय, बाबा. तिच्या गाडीला नाही.”

त्याने ब्रेक दाबला. बाई धावत आली.

“भाऊ, हिला तेवढी अकादमीच्या गेटपर्यंत सोडा. मी थांबते गाडीपाशी. फक्त झोपवून न्या, बसवू नका.”

म्हणजे हिचीही उंची काठावरच होती.

त्याने मागचं दार उघडलं. मुलगी आत चढली. तिने कपाटं पाहिली, गादी पाहिली, गादीवरची लेक पाहिली. लेक उठून बसली.

“ये, झोप,” लेक म्हणाली.

“तू झोप. टेम्पो तुमचा आहे.”

“मार्क तुझे जास्त आहेत.”

“दोनच आहेत.”

“दोन वर्षं तेच ऐकतेय मी.”

“अगं, एकीने कुणीतरी आडवं व्हा,” तो म्हणाला.

“बाबा, तुम्ही पुढे बघा.” लेकीने दार ओढून घेतलं. मग खिडकीही लावली.

सुरुवातीला मागून तणतण ऐकू येत होती. काहीतरी धडपडलं. मग सगळं शांत झालं. म्हणजे ठरलं होतं. पण झोपली कोण?

रस्ता खराब होता. समोर खड्डा दिसला आणि वाटलं, द्यावा एक दणका. झोपलेलीला काही होणार नाही. बसलेलीचा मणका दबेल. पण बसलेली कुणाची? त्याला आपल्या लेकीचा स्वभाव ठाऊक होता. त्याने खड्डा चुकवला. पुढचाही चुकवला. आरशाच्या कपाटांसाठीसुद्धा त्याने कधी एवढ्या जपून गाडी चालवली नव्हती, आणि आपण नक्की कुणाला जपतोय हे त्याला कळत नव्हतं.

गेटवर पहारेकऱ्याने हात केला. “काय आहे आत?”

“कपाटं. आणि दोन मुली. एक झोपलेली, एक बसलेली.”

“आज सकाळपासून आपल्या पायांनी आत आलेलं कुणी बघितलंच नाही मी,” पहारेकरी म्हणाला. “मुलगेसुद्धा आडवेच येतायत. तुमची कुठली? झोपलेली की बसलेली?”

तो उतरला, मागे गेला आणि त्याने दार उघडलं.

दाराजवळच्या टीचभर कोपऱ्यात दोघी गुडघे छातीशी घेऊन, खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. दोघींचे चेहरे फुगलेले होते. आतल्या लांबलचक गादीवर फक्त त्यांच्या फायली आडव्या पडल्या होत्या.